वरडू देऊ नको, खोकू देऊ नको

माणूस मेला की लगेच गोड होतो, हे मला काही पटत नाही. उस्तादाच्या तेराव्याला तांड्यावर गेलो होतो. तिथं जो तो उठून त्याच्या ॲव्हरेजच्या गोष्टी सांगत होता. एक म्हणे, असा डायव्हर पुन्हा होणार नाही. दुसरा म्हणे, उस्तादाच्या हातात गाडी गेली की पाण्यावर चालायची. पाण्यावर म्हणे! मी ताटावरून उठणारच होतो, पण अन्नावर राग काढू नये म्हणून जेवलो आणि तोंड मिटून परत आलो. ह्या माणसाच्या एका वाक्यापायी मी चौदा वर्षं स्टेअरिंगला हात लावला नव्हता. ते तिथं कुणाच्याच तोंडून आलं नाही.

उस्ताद म्हणजे एसटीचा डायव्हर. सगळी नोकरी बसवर गेली. उंच, काटकुळा, आणि कान एवढे मोठे की आमची आई म्हणायची, ह्याला हॉर्नची गरज काय? सुट्टीच्या दिवशी तो आमच्या कळमनुरीच्या पोरांना गाडी शिकवायचा. फुकट. पण अट अशी की शिकताना तोंड उघडायचं नाही, गाणी लावायची नाहीत, फक्त इंजन ऐकायचं.

"गेअर हातानं पडत न्हाई, कानानं पडतो," म्हणायचा. "इंजनाला वरडू देऊ नको, खोकू देऊ नको. वरडलं की वरचा टाक, खोकलं की खालचा. मधी जे गुणगुणतं ना, तिथं डिझेल वाचतं."

हे मात्र खरं होतं, खोटं कशाला बोलू? दुसरा वीसला, तिसरा तीस-पस्तीसला, चौथा पंचेचाळीसच्या आसपास, आणि पन्नास ओलांडली की पाचवा. पुढं गतिरोधक दिसला तर शेवटी करकचून ब्रेक मारायचा नाही, लांबूनच पाय उचलायचा. ब्रेक मारला की म्हणायचा, "फेकलं डिझेल. आता उतर अन् भरून आण." आणि खरोखर एकाला उतरवून त्यानं अर्धा किलोमीटर पायी चालवलं होतं.

बरं, हे गाडीपुरतं असतं तरी चाललं असतं. पण त्याला सगळीकडं गेअरच दिसायचे. पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा चहा उकळत होता. हा सरळ आत गेला आणि गॅस बारीक करून आला. आई बघतच राहिली. "उकळी आल्यावर मोठा गॅस काहून? चढ संपला की व्हो माय," असं वर तिलाच सांगितलं. आई मरेपर्यंत त्याला 'तो गॅसवाला' म्हणायची. कुणी रागानं बोलायला लागलं की हा शांतपणे म्हणायचा, "आवाज वाढला तुझा. गेअर बदल." एखाद्याचा जळफळाट होत असताना असं बोलणाऱ्याला काय करावं, तुम्हीच सांगा. दोन ठेवून द्याव्याशा वाटायच्या.

आणि त्याचा तो उतार! उताराचं त्याचं गणित वेगळंच होतं. "उतार देवाचा, डिझेल आपलं," म्हणायचा. उतार लागला की न्यूट्रल करायचं, चावी फिरवून इंजन बंद करायचं, आणि गाडी आपोआप खाली जाऊ द्यायची. शिकवलेल्या प्रत्येकाकडून त्यानं हे घोटून घेतलं होतं. तांड्याचा उतार तर त्याची शाळाच होती. वर त्याचा तांडा, खाली नाल्यावरचा पूल, मधे दीड-दोन किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता.

त्याच उतारावर ते झालं. मी तेवीस वर्षांचा होतो, भाड्याची जीप चालवायचो. त्या दिवशी रिकामा परतत होतो आणि शेजारी माझा थोरला भाऊ, दादा, बसला होता. दादा तेव्हा भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे सहा-सात किलोमीटर पळायचा, आणि महिन्यावर भरती आली होती. उताराला लागलो, उस्तादानं शिकवलं तसं न्यूट्रल केलं, चावी फिरवली. खाली वळणाशी म्हशी आडव्या आल्या. ब्रेक दाबला, लागला. परत दाबला, अर्धामुर्धा लागला. तिसऱ्यांदा दाबला तर पायाखाली नुसता दगड. दोन्ही पायांनी दाबला तरी हलेना. म्हशी चुकवायला मी जीप डावीकडं घातली, ती पुलाच्या कठड्यावर गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. दादाचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. नंतर तो जुळला, पण दोन बोटं आखूड. भरती संपली ती कायमचीच.

उस्ताद बातमी ऐकून आला. जीपमधे बसला, इंजन चालू केलं, ब्रेक दाबला. ब्रेक लोण्यासारखा लागला. खाली उतरला आणि जमलेल्या पन्नास माणसांसमोर म्हणाला,

"ब्रेक बराबर हाय. ब्रेक दगड होत नसतो. पाय मऊ असतो."

झालं! त्या दिवसापासून मी 'मऊपाया'. बाजारात गेलो की मऊपाया. लग्नाला मुलगी पाहायला गेलो तर पोरीचा मामा विचारतो, तुमीच ते मऊपाये का? मी हजारदा सांगितलं, अहो दगड झाला होता ब्रेक. लोक म्हणत, उस्तादानं दाबून पाह्यला ना बाबा. आणि दादा? दादा एक शब्द बोलला नाही. मोडलेला पाय घेऊन घरी आला, काठी टेकत वावरात जाऊ लागला. त्याला काय वाटतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी जीप सोडली आणि रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं काढायची आणि बसवायची. चालवायची नाही.

उस्तादाशी बोलणं बंद केलं. पण तो माझ्या डोळ्यांपुढून कुठं जातो? रिटायर झाल्यावर त्याला वसमतच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या पोरानं ठेवून घेतलं. ह्या छोट्या शेठनं पुण्याहून एक जुनी रेसची गाडी आणली होती. लालभडक, दोन दारं, दोनच शिटा, पोट जमिनीला टेकलेलं. आमच्या रस्त्यांवर ती आठवड्याला पंक्चर व्हायची आणि दुकान रस्त्यावर असल्यानं माझ्याकडंच यायची. मी चाक काढायचो. उस्ताद आत बसून राहायचा, समोर बघत. मीही मान वर करायचो नाही. आणि छोटा शेठ माझ्यापाशी उकिडवा बसून रडगाणं गायचा.

"भाऊ, बापानं अट घातली, गाडी ठेवायची तर चालवणार उस्ताद. पेट्रोल लई पिते म्हणून. आता पाहा तुमीच!"

मी पाहिलं. इंजन किती जोरात फिरतं हे दाखवणारं जे घड्याळ असतं, त्यावर दोन हजाराच्या पुढं उस्तादानं जखमेची चिकटपट्टी लावून टाकली होती. सुई पट्टीखाली गेलेली दिसायलाच नको.

"मी म्हणलं," छोटा शेठ सांगत होता, "उस्ताद, ही सात हजारापर्यंत जाते. तर म्हणे, जाऊन जाऊन वसमतलाच जायचं हाय ना?"

मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं. त्या माणसाच्या गोष्टीला हसायचं नाही, असं ठरवलेलं होतं. पुढं छोट्या शेठनं सांगितलं की कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं त्यांना मागं टाकलं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर! ट्रॅक्टरवाल्यानं वर हात करून सलाम ठोकला. छोटा शेठ रुमाल तोंडावर ओढून शिटात खाली सरकला. आणि उस्ताद पाचव्यात, पन्नासवर, गुणगुणत. "जाऊ द्या त्याला," म्हणाला, "त्याचं डिझेल हाय."

हट्टा गावच्या एका लग्नात तर कहर झाला. नवरदेवाला ह्या गाडीतून मिरवायचं ठरलं. आता वरात म्हणजे दहा पावलं चालणार, पाच मिनिटं थांबणार. उस्तादानं चावी काढून खिशात टाकली आणि वऱ्हाडाला सांगितलं, "उभ्या गाडीत पेट्रोल जाळणार न्हाई. एवढे नाचून राहिले, त्यातले चौघं ढकला." आणि ढकलली हो लोकांनी! रेसची गाडी, आत फेटा बांधलेला नवरदेव, मागून चार मामे घामाघूम. तेराव्याला ही गोष्ट सांगताना लोक हसून हसून लोळत होते. मी नाही हसलो. दुसऱ्याला ढकलायला लावून स्वतः स्टेअरिंगवर बसायचं, हीच त्या माणसाची रीत, असं मला त्या लग्नाची गोष्ट कळली तेव्हा वाटलं होतं.

एवढं मात्र कबूल करतो. ज्या गाडीला छोट्या शेठच्या हातात लिटरला नऊ किलोमीटर जमत नव्हते, ती उस्तादाच्या हातात सोळा द्यायला लागली. तीच गाडी, तोच रस्ता.

मग दीड वर्षापूर्वी, हळद काढणीच्या दिवसांत, आठवडी बाजाराच्या दिवशी, उस्ताद चालत माझ्या दुकानात आला. गाडी नाही, काही नाही. धोतर गुडघ्यापर्यंत पिवळंजर्द, कपाळावर टेंगूळ. मी चाकावरून मान वर केली. त्यानं चप्पल काढली आणि उजवा पाय माझ्यासमोरच्या स्टुलावर ठेवला.

"दाबून पाह," म्हणाला. "मऊ हाय का?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "काय झालं?" चौदा वर्षांनी मी त्याच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

झालं होतं असं. छोट्या शेठनं त्याला एकट्यालाच कळमनुरीला पाठवलं होतं. तांड्याच्या उताराला लागल्यावर उस्तादानं सवयीनं न्यूट्रल केलं, चावी फिरवली. खाली बांधावरून ट्रॅक्टर रस्त्यावर आला. ब्रेक दाबला, लागला. परत दाबला, अर्धामुर्धा. तिसऱ्यांदा दगड. उस्ताद दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला आणि ती लाल गाडी रस्ता सोडून खाली गेली. एकाच्या उकडून वाळत घातलेल्या हळदीतून निघाली आणि नांगरलेल्या ढेकळांत रुतून थांबली.

"मिस्तऱ्याला इचारलं," उस्ताद सांगत होता. "तो म्हणे, ह्या गाड्यांच्या ब्रेकला इंजन जोर देतं. इंजन बंद केलं की दोन डाव लागतो, मग खलास. म्हणलं, जीपला पण? तर म्हणे, जीपला पण. माझ्या बसला हवेची टाकी होती बाबा. इंजन बंद केलं तरी टाकी भरेल राहायची. म्या समजलो, सगळ्याच गाड्या बस हाईत." कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. "अन् तवा तुझी जीप म्या चालू करून पाह्यली. बंद ठेवून पाह्यलीच न्हाई."

तुम्ही म्हणाल, माणूस चूक कबूल करायला आला, मग मी पाघळलो असेन. मुळीच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला पाना मी जमिनीवर आदळला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, चौदा वर्षं! तुमी एक चावी फिरवून पाह्यली असती, उस्ताद, एक चावी! माझं नाव गेलं, माझ्या हातातली गाडी गेली. माझा भाऊ लंगडा झाला, तो तुमच्या शिकवणीनं झाला, आन् पाप माझ्या पायाला चिकटवलंत! तुमी उस्ताद काहून झालात? कोणी केलं तुमाला उस्ताद? आता टेंगूळ घेऊन आलात होय मला दाखवायला?

बाजाराचे लोक गोळा झाले. मी वाट पाहत होतो की हा आता म्हणेल, 'गेअर बदल.' म्हणाला असता तर पान्यानं हाणलाच असता त्याला.

"वरड," उस्ताद म्हणाला. "उताराला लागलायस तू. उताराला वरडू द्यावं."

ते मला तेव्हा समजलं नाही. तो गर्दीकडं वळला. आवाज बसमधल्यासारखा, मागच्या शिटापर्यंत जाणारा. "ऐका सगळ्यांनी. ह्याचा पाय मऊ नव्हता. ब्रेक दगड झाला होता, अन् तो म्या शिकवल्यानं झाला. माझा आजा बैलांवर माल वाहायचा. म्हणायचा, चढाला बैल सोड, उताराला धर. घरात एवढं शहाणपण होतं, अन् म्या लोकांना उताराला सोडायला शिकवलं." मग ज्यांना ज्यांना गाडी शिकवली होती त्यांची नावं घेत तो बाजारभर फिरला, आणि जो दिसला त्याला धरून सांगितलं, "उताराला इंजन बंद करू नको. गेअरात ठेव." पुढचे दोन महिने गावोगाव, तांड्या-तांड्यावर जाऊन तो हेच सांगत होता. लोक हसले. काही जण अजून म्हणतात की म्हातारा शेवटी चळला होता. चांगलं वागला तेव्हा चळला म्हणे! आणि मला नाव ठेवलं तेव्हा शहाणा होता!

आठवड्यानं तो पुन्हा आला, गाडी घेऊन. छोट्या शेठच्या बापानं त्याला कामावरून काढलं होतं. जाताना काय हवं विचारलं, तर ह्यानं गाडी एक दिवसासाठी मागून घेतली होती. सोबत आमच्या घरून दादालाही बोलावून आणलं होतं. दादाला काय सांगितलं देव जाणे, पण तो काठी घेऊन येऊन बसला होता.

"तांड्यापर्यंत म्या नेतो," उस्ताद म्हणाला. "तिथून तू."

"मी चालवत नाही आता."

"ठाऊक हाय. म्हणून तर."

दादाला गाडीत घालून तो पुढं गेला. मी मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून तांड्यावर पोचलो, मनातल्या मनात शिव्या घालत. उस्ताद उतरून बाहेर उभा होता. "दोनच शिटा हाईत," म्हणाला. "म्या हितंच थांबतो. दुसऱ्यात टाक, पाय उचल, अन् काहीच करू नको."

बसलो. शेजारी दादा. घड्याळावर चिकटपट्टी तशीच होती. दुसरा टाकला आणि पाय उचलला. गाडी खाली निघाली, आणि सुई चढत चढत पट्टीखाली गेली. इंजन वरडायला लागलं. मी घाबरून क्लचकडं पाय नेला, तर खिडकीतून उस्तादाचा आवाज आला, "वरडू दे! उताराला वरडतं म्हंजी धरतंय ते! चाकंच फिरवून राहिलीत त्याला, पेट्रोल एक थेंब जाऊन न्हाई राहिलं!" समोरच्या काचेखाली ॲव्हरेज दाखवणारे आकडे असतात, ते सगळ्यात वर जाऊन थांबले होते. म्हणजे इतकी वर्षं इंजन बंद करून ह्या माणसानं वाचवलं तरी काय? काहीच नाही! मला तिथल्या तिथं पुन्हा संताप आला. पण गाडी मात्र कुणी मागून धरून ठेवल्यासारखी सावकाश उतरत होती. वळण आलं, ब्रेकला पाय लावला, ब्रेक लागला. दुसरं वळण आलं. मग पूल. कठड्याचा तुटलेला कोपरा अजून तसाच आहे. मी गाडी कडेला घेऊन थांबवली.

दादा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होता. चौदा वर्षांत तो माझ्या शेजारी गाडीत पहिल्यांदा बसला होता.

"त्या दिशी मी तुझ्या पायाकडं पाह्यलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही पायांनी उभा होतास ब्रेकवर. शीट सोडून उभा होतास."

 माझ्या एकदम डोक्यात तिडीक गेली. "मग बोलला काहून न्हाईस? चौदा वर्षं लोक मला मऊपाया म्हणून राहिले, अन् तू गप्प?"

"मला कोणी इचारलंच न्हाई," दादा म्हणाला. "सगळ्यांनी ब्रेकला इचारलं, उस्तादाला इचारलं. मला वाटायचं, तू तरी इचारशील."

इंजन चालू होतं. मी ते बंद केलं नाही.

दादा दार उघडून उतरला आणि काठी टेकत जाऊन त्या तुटक्या कठड्यावर बसला. वर, उताराच्या टोकाला, उस्ताद अजून उभा होता, एवढासा दिसत होता.

"जा," दादा म्हणाला, "म्हाताऱ्याला घेऊन ये. दुसऱ्यातच उतरव."